खोली सात, पातळच

मी, एक ओळ, बोलतेय. कवितेची नाही हो, तेवढं नशीब कुठलं! वृद्धाश्रमाच्या स्वयंपाकघरात भिंतीला टॅब टांगलाय, त्यावरच्या यादीतली मी सातवी. "खोली सात, आजोबा: पातळच द्यायचं." एवढंच माझं आयुष्य, आणि एवढ्यानेच मी पार दमलेय.

पूर्वी मी निवांत होते. मला बदलायचं तर पेन्सिलीचं चित्र दाबा, नवं पान उघडा, तिथे लिहा, मग सेव्ह करा, असा सगळा द्राविडी प्राणायाम. स्वयंपाक सांभाळणाऱ्या मावशी रोज करवादायच्या. शेवटी त्यांनी यादी बनवणाऱ्या आपल्या भाचीला गाठलं.

"अगं, बोट ठेवलं की जागच्या जागी लिहिता आलं पाहिजे."

"आणि सेव्हचं बटण?"

"नको बाई. बटणं दाबत बसू की भाजी ढवळू?"

भाचीने तसंच केलं. बोट लागलं की मी चौकट होऊन उघडायची. बोट दुसरीकडे टेकलं की असेल ते कायम. मावशी खूश, माझा जीव मात्र मेटाकुटीला. कुणीही यावं आणि टिचकी मारावी! वाचायच्या आधी बोट लावायची माणसांना भारी खोड.

आजोबांना पक्षाघातानंतर घट्ट घास गिळता येत नाही, ठसका लागून श्वास अडकतो. म्हणून ते 'पातळच'. एका दुपारी काच तेलकट झाली म्हणून मावशींनी ती ओल्या फडक्याने खसाखसा पुसली. फडक्याखाली मी उघडले, खोडायच्या कळीवर फडकं दाबलं गेलं, आणि माझे शब्द भराभर गेले. उरलं फक्त "खोली सात, आजोबा". वाढणारीने ते वाचून सगळ्यांसारखंच ताट नेलं.

आजोबा काळेनिळे पडले. नर्सने पाठीत जोरजोरात थापट्या मारून घास बाहेर काढला, म्हणून वाचले. मावशी स्टुलावर बसून रडल्या. भाची धावत आली. "मावशी, चूक माझी. केलेलं मागे घ्यायची सोय मीच ठेवली नव्हती." तेव्हापासून मला बदललं की यादी विचारते, "बदल ठेवायचा?" 'नको' म्हटलं की माझे जुने शब्द परत.

मला वाटलं, सुटले. कसलं काय! चारच दिवसांत स्वयंपाकघरात कुणी नसताना आजोबांची चाकाची खुर्ची आत आली. एका बोटाने त्यांनी मला उघडलं आणि एकेक अक्षर खोडलं. यादीने विचारलं. बोट 'हो'कडे निघालं. मला ओरडता येत नाही, याचं इतकं वाईट कधी वाटलं नव्हतं.

"अहो, काय करताय!" मावशी कोठीतून धावल्या.

"त्या दिवशी बटाट्याची फोड होती, मावशी. किती दिवसांनी दाताखाली काहीतरी आलं."

"जीव गेला असता!"

"गेला असता. पण जेवताना गेला असता."

मावशींनी आजोबांचा हात हळूच बाजूला घेतला आणि 'नको' दाबलं. मग म्हणाल्या, "'पातळच' एवढं माझं. ते पुसायचं नाही. त्यापुढे रोज तुम्ही लिहायचं. घोटून, गाळून, काय हवं ते मी करीन."

आजोबांनी लिहिलं: "बटाटा. मिरी सढळ."

आता रोज सकाळी खुर्ची येते. एक अक्षर लिहायला आजोबांना युग लागतं. चुकतात, खोडतात, पुन्हा लिहितात. कालचा भोपळा आज दुधी होतो, दुपारी पुन्हा भोपळा. मी झिजत नाही म्हणे, पण थकते.

काल नर्स भाचीला म्हणाली, "धोका नको, ही ओळ कायमची बंद करून टाक." भाची विचारात पडलीये.

पोरी, माझा थकवा बघू नकोस. मला कुलूप लावू नकोस. आजोबांना स्वतःच्या हाताने बदलता येईल असं आता माझ्याशिवाय काही उरलेलं नाही.