घर एक, चुली तीन

आमच्या कंपुटरात काय चालतं असं कुणी विचारलं, की माझ्यासोबत काम करणारी गुलनार चुलीपासून सुरुवात करायची. "एका घरात तीन भाऊ वेगळे राह्यतेत ना? तसे यात तीन कंटेनर, तीन कामायचे तीन वेगळे कप्पे. छप्पर एक, चुली तीन. एकाची भाजी करपली तरी दुसरा पोटभर जेवते."

चिखलीच्या मार्केटामागे आमची खोली. गावोगावचे शेतकरी सापळ्यात सापडलेले बोंडअळीचे पतंग मोजून फोनवरून आकडा कळवायचे. आकडा वाढला, की संध्याकाळी त्या गावाला फवारणीचा निरोप जायचा. आदल्या साली अळीनं बोंडं पोखरून काढली होती. त्यामुळे निरोप चुकला तर पुन्हा तेच, हे सगळ्यांनाच ठाऊक होतं.

त्या दिवशी आकडे जमवणाऱ्या कंटेनरात नवी आवृत्ती टाकायची होती. गुलनारनं आधी त्याची नक्कल काढली आणि नक्कल जुनीच चालू ठेवली. मला असलं रेंगाळणं सोसत नाही. "शिळी कढी कायले ठेवतं?" मी म्हणाले.

"छायाताई, बीटीच्या थैलीत बिनबीटीचं लहान पाकीट येते का नाही, कडेनं पेराले, अळी बीटीले सरावू नये म्हणून? तसं समजा. सारंच नवं नाही करत."

साखरखेर्ड्याचे कडूबाकाका समोरच बसले होते. ते खो खो हसले. "ते पाकीट कोन पेरते पोरी? आमी तं बांधावर फेकतो."

नवी आवृत्ती चालू झाली आणि तिनं सकाळपासून फोनवर आलेलं सगळं पुन्हा मांडलं. सगळ्या गावांचे आकडे आले, साखरखेर्ड्याचा मात्र शून्य. काकांचा चेहरा उजळला. "चला, फवारा वाचला!"

"पण काका, तुमी सकाळी किती मोजले?" गुलनारनं विचारलं.

"अकरा. पाच वाजता, बॅटरी घेऊन." ते ओशाळले. "म्हातारे डोये माहे. कंपुटर खोटं कायले सांगीन?"

हा माणूस स्वतःचे डोळे खोटे ठरवून घरी जायच्या बेतात होता.

गुलनारनं जुनी नक्कल उघडली. तिथे अकरा. मग नव्यात गेले कुठे? आम्ही दोघी शोधत सुटलो, आणि ते सापडले कालच्या रकान्यात. नवा कंटेनर घड्याळ विलायतेचं लावून बसला होता. आपली पहाट म्हणजे तिथली आदली रात्र. बाकीची गावं उजाडल्यावर मोजायची, म्हणून वाचली. गुलनारनं त्याला आपल्याकडची वेळ लावून दिली आणि अकरा जागेवर आले. साखरखेर्ड्याला फवारणीचा निरोप वेळेत गेला.

"तुमचे डोये ठणठणीत हायेत काका," ती म्हणाली.

काका मात्र उठेनात. त्या जुन्या नकलेकडेच बघत राहिले.

"पोरी, ते लहान पाकीट," ते हळूच म्हणाले, "आता इकत भेटीन का?"