नऊ दिवस पोटात राहिलेला आवाज

मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे, मित्रांनो. ऐकलेले पोटात ठेवायचे आणि कोणी कळ दाबली तरच बोलायचे, एवढेच माझे काम. तुम्हाला वाटेल, किती सुखाचे काम! मलाही बरीच वर्षे तसेच वाटत होते. पोटात ठेवलेले सगळेच पचत नाही, हे मला फार उशिरा कळले.

माझा जन्म एका कारखान्यात, लांबलचक टेबलावर झाला. टेबलाच्या टोकाला बसणाऱ्या बाईंनी मला तपासले, त्या माझ्याशी "एक, दोन, तीन" एवढेच बोलल्या आणि मला खोक्यात घातले. ते खोके उघडले ते समाजकार्याचे पदवी शिक्षण देणाऱ्या एका महाविद्यालयात. तिथे मला मुलाखतीच्या सरावाची खोली मिळाली. खोली लहान होती. तिच्यात दोन खुर्च्या होत्या, अगदी समोरासमोर नाही, जराशा तिरक्या. दुःखी माणसाला कधी कधी समोरच्याची नजर चुकवायची असते, म्हणून त्या तशा ठेवायच्या असतात, हे मी तिथेच शिकलो.

त्या खोलीच्या मालकीण म्हणजे एक ठेंगण्या, चष्मेवाल्या प्राध्यापक. मुले त्यांना मागे 'थांबा बाई' म्हणत. एक विद्यार्थी अडचणीतला माणूस व्हायचा, दुसरा कार्यकर्ता. मी दोघांचे बोलणे टिपायचो. मग बाई टेप लावत आणि दर मिनिटाला म्हणत, "थांबा. इथे काय ऐकलंत?" एकदा एका विद्यार्थ्याने दारुड्याचे सोंग इतके झकास वठवले, की समोरची मुलगी त्याला उपदेश करता करता स्वतःच रडकुंडीला आली. वर्ग खो खो हसला. बाईंनी टेप मागे नेली आणि दाखवून दिले, की त्या दारुड्याने तीन वेळा आपल्या मुलीचा विषय काढला होता आणि तिन्ही वेळा उपदेशाने त्याचे तोंड बंद केले होते. हसू कुठल्या कुठे पळाले. सरावाच्या अखेरीस बाई माझ्यावरची धूळ स्वतःच्या रुमालाने पुसत आणि म्हणत, "हा माझ्यापेक्षा चांगला शिक्षक आहे. मध्ये बोलत नाही." मित्रांनो, त्या कौतुकाने मी फुशारून जायचो.

तिसऱ्या वर्षाच्या वर्गात एक मुलगी होती. तिच्या तोंडाला विसावा म्हणून नव्हता, त्यामुळे सगळे तिला 'टकळी' म्हणत. मुलगी मायाळू होती आणि हुशारही. शांतता पसरली की तिला वाटे, समोरच्याला अवघडल्यासारखे होत असेल, म्हणून ती लगेच काहीतरी बोलून ती भरून काढी. आठवड्यातले दोन दिवस ती एका कुटुंब सल्ला केंद्रात प्रत्यक्ष कामाचा अनुभव घ्यायला जात असे.

त्या केंद्रावर एक शिंपीणबाई आल्या. त्यांच्या शेजारी एक घड्याळजी बायकोसह राहत. घड्याळजींची थोरली बहीण, सगळे तिला ताई म्हणत, त्यांच्याच घरी होती. पूर्वी ताई दर आठ-पंधरा दिवसांनी शिंपीणबाईंकडे येऊन बसायच्या. मग त्यांना अर्धांगवायूचा झटका आला आणि वाचा गेली. आता चार महिने झाले, त्या कुणाच्या दृष्टीस पडल्या नव्हत्या. मामांकडे पाठवले, असे घरचे सांगत. "मामा तर कधीचे वारले म्हणून ताईच सांगायच्या," शिंपीणबाई म्हणाल्या, "पण मी म्हातारी, माझ्या कानांवर माझाच भरवसा नाही."

केंद्राने ठरवले, नुसते भेटून यावे. नियमाने दोघींनी जायचे होते, पण टकळीची जोडीदारीण तापाने फणफणली होती. टकळी म्हणाली, मी एकटी जाते, त्यात काय. थांबा बाईंनी होकार दिला आणि शब्दशः नोंद करण्यासाठी मला तिच्या पिशवीत घातले.

सकाळचे अकरा वाजले होते. अकरा वाजले हे मला अगदी पक्के ठाऊक आहे, कारण आम्ही उंबरठा ओलांडला आणि त्या घरातली सगळी घड्याळे एकदम ठोके देऊ लागली. चारही भिंतींवर घड्याळे होती. काही दुरुस्तीला आलेली, काही मालक परत न फिरलेली. टकटक, टिकटिक, खरखर. घर मात्र आरशासारखे स्वच्छ होते. घड्याळजी हसतमुख होते. टकळीने रीतसर विचारले, बोलणे टिपून घेतले तर चालेल का? बायकोने नवऱ्याकडे पाहिले.

"घ्या की," घड्याळजी म्हणाले. "आमच्याकडे लपवण्यासारखं आहे काय?"

टेबलावर चाके आणि काटे पसरलेले होते, म्हणून टकळीने मला आतल्या भिंतीला टेकवलेल्या कपाटावर ठेवले. भिंतीच्या कडेला एक जाड पडदा होता. माझा कान भिंतीकडे वळलेला होता.

टकळीने विचारले, ताई कशा आहेत? आणि भिंतीतून आवाज आला.

ठक. ठक. ठक.

घड्याळजी म्हणाले, मामांकडे आहेत, हवापालट. टकळीने पुढचा प्रश्न विचारला, त्याचे उत्तरही स्वतःच सुचवले, मग त्यांच्या बायकोच्या, वहिनींच्या, टापटिपीची तारीफ केली. त्यात पुन्हा ताईंचे नाव आले. ठक. ठक. आता जरा हळू. वहिनी एकाएकी उठल्या आणि खिडकीजवळ जाऊन उभ्या राहिल्या. मी सगळे टिपत होतो. मला ओरडता आले असते तर मी ओरडलो असतो. पण माझी बोलायची कळ माझ्या हातात नाही. अर्ध्या तासाने टेप संपली, टकळीने हसून निरोप घेतला आणि आम्ही बाहेर पडलो. मागे दाराला आतून कडी लागल्याचा आवाज आला.

त्या दिवशी वसतिगृहात टकळीने अहवाल लिहिला. लिहिताना मोठ्याने वाचायची तिला सवय होती, म्हणून तो मला पाठ आहे. 'घर नीटनेटके. पती-पत्नी सहकार्य करणारे. ताई नातेवाइकांकडे आहेत. पुढील भेटीची आवश्यकता वाटत नाही.' शब्दशः नोंदही तिने आठवेल तशी, मनानेच लिहून काढली. सगळेच तसे करत. अर्ध्या तासाची टेप ऐकून लिहायला पाच तास लागतात, आणि परीक्षा तोंडावर आली होती.

मी तिच्या खाटेखाली पडून राहिलो. एक दिवस गेला, दुसरा गेला. वर मुली हसत होत्या, पाठांतर करत होत्या, केसांना तेल लावत होत्या. माझ्या पोटात तो आवाज तसाच होता. कोणीतरी कळ दाबावी म्हणून मी वाट पाहत राहिलो. एकदा टकळीच्या मैत्रिणीने मला बाहेर ओढले, गाणी लागतात का ते पाहू म्हणाली. माझ्या अंगात जणू जीव आला. "नको गं, कॉलेजचा आहे," टकळी म्हणाली आणि पायाने मला पुन्हा खाटेखाली सारले.

नवव्या दिवशी टकळीने मला परत आणले. थांबा बाईंनी तिची नोंद वाचली, चष्मा काढला आणि विचारले, "टेप ऐकलीस?"

टकळी गप्प राहिली. तिला गप्प राहिलेले मी पहिल्यांदाच पाहिले.

बाईंनी माझी कळ दाबली. थोड्या वेळाने त्या म्हणाल्या, "थांबा. हे काय आहे?"

"घड्याळ असेल बाई. पुष्कळ घड्याळं होती तिथे."

बाईंनी टेप मागे नेली. पुन्हा ऐकली. मग आणखी पुढे जाऊन ऐकली. 

"घड्याळ दमत नाही," त्या म्हणाल्या. "हा आवाज दमतोय. आणि तू ताई म्हटलंस की सुरू होतोय."

दोघी तासाभरात केंद्राची एक कार्यकर्ती आणि एक पोलीस यांना घेऊन त्या घरी पोचल्या. मी बाईंच्या पिशवीत होतो. या वेळी घड्याळजी हसले नाहीत. पडद्यामागे काय आहे असे विचारल्यावर म्हणाले, अडगळ. भिंतीतून आज काहीच आवाज येत नव्हता. ती शांतता मला त्या आवाजापेक्षा भयंकर वाटली.

वहिनींनी पदराच्या गाठीची किल्ली सोडली. "उघडा आता," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "चार महिने मलाही झोप नाही."

पडद्यामागे दार होते. आत एक खिडकी नसलेली खोली. ताई भिंतीशी जमिनीवर पडलेल्या होत्या, हातात स्टीलचा चमचा, आणि भिंतीच्या गिलाव्याला त्या चमच्याने वाटीएवढा खड्डा पडलेला. श्वास चालू होता. डावा पाय घोट्यापासून काळा पडला होता.

घड्याळजी खुर्चीत बसून सांगत राहिले. ताईंना बोलता येत नसे, त्या नुसत्या ओरडत. गिऱ्हाइके दचकत. म्हणून गिऱ्हाईक असेल तेवढा वेळ, घटकाभर दार लावायचे. मग दुपारभर. मग दिवसभर. पुढे ताईंचे ओरडणेही थांबले. "जेवण दोन्ही वेळा देत होतो," ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. कुणी त्यांच्यावर आवाज चढवला नाही. मित्रांनो, ते राक्षस नव्हते. कडी एकदा लावली की दुसऱ्या वेळी हात जड होत नाही, एवढेच झाले होते. पुढे त्यांच्यावर आणि वहिनींवर खटला चालला. त्या टेपमधला आवाज मी न्यायालयातही ऐकवला.

ताई वाचल्या, पाय मात्र गुडघ्याखाली कापावा लागला. आठवडाभर आधी आणले असते तर तो राहिला असता का, असे टकळीने डॉक्टरांना विचारले. ते हो म्हणाले नाहीत, आणि नाहीही म्हणाले नाहीत.

टकळी बाईंच्या खोलीत येऊन म्हणाली, की ती हे शिक्षण सोडणार आहे. बाईंनी तिची अपुरी नोंद तिच्यासमोर ठेवली. मग म्हणाल्या, "तुला एकटीला पाठवलं ती माझी चूक. ती मी वरिष्ठांना लिहून दिली आहे. तुला सोडायचं तर सोड. पण आधी तुझी नोंद पूर्ण कर."

ती तीन दिवस माझ्यासमोर बसली. प्रत्येक शब्द, प्रत्येक थांबणे, प्रत्येक ठोका तिने लिहिला. एकेचाळीस ठोके होते. शेवटच्या पानावर अक्षर ओले होऊन पसरले, तेव्हा तिने ते पान पुन्हा लिहून काढले.

मग ती इस्पितळात गेली. तिथे काय झाले ते तिने याच खोलीत बाईंना सांगितले. ती ताईंना म्हणाली, "त्या दिवशी मी पलीकडेच बसले होते. मला ऐकू आलं नाही." ताईंनी तोंड भिंतीकडे फिरवले. दुसऱ्या आठवड्यातही फिरवले, आणि तिसऱ्याही. पाचव्या खेपेला त्यांनी खाटेजवळची खुर्ची हाताने थोडी ढकलली. बस म्हणून, की जा म्हणून? टकळीला कळेना. पूर्वी तिने आपल्या मनानेच काहीतरी ठरवून टाकले असते. या वेळी तिने विचारले आणि ती उभी राहून वाट पाहत राहिली. ताईंनी बऱ्याच वेळाने, कष्टाने, एक बोट खुर्चीकडे केले. टकळी बसली. तासभर दोघीही काही बोलल्या नाहीत.

शिक्षण तिने सोडले नाही. पण त्यानंतर टकळी हे नाव तिला शोभले नाही, आणि हळूहळू कुणी ते घेईनासेही झाले.

पुढे थांबा बाई निवृत्त झाल्या. कॅसेटी मिळेनाशा झाल्या, माझा पट्टा सैल पडला, एक कळ आत रुतून बसली. मला कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवले. आता माझ्यावरची धूळ कोणी पुसत नाही. त्याचे मला वाईट वाटते, पण म्हातारपण कुणाला चुकले आहे?

मला भीती वाटते ती वेगळ्याच गोष्टीची. खाली त्याच तिरक्या खुर्च्यांवर आता मुले मोबाइल घेऊन बसतात. मुलाखतीचा मजकूर मोबाइलच लिहून देतो, सुबक, एकही खाडाखोड नसलेला. न कळलेल्या आवाजाच्या जागी तो रिकामी जागा सोडतो, आणि मुले ती जागा पुसून दोन वाक्ये एकमेकांना जोडतात. मूळ बोलणे ऐकायचीच वेळ आली, तर दुप्पट वेगाने ऐकतात. वेळ वाचतो म्हणे. काल एक मुलगा अशीच एका आजोबांची मुलाखत ऐकत होता. त्या वेगात आजोबांचे शब्द कळत होते. पण दोन शब्दांमध्ये ते कुठे थांबले, किती वेळ थांबले, त्या वेळी त्यांच्या मागे काय वाजले, हे काहीच कळत नव्हते. मुलाने अहवाल लिहिला आणि तो उठून गेला. ते आजोबा आज कुठे असतील, कुठल्या दाराआड, कोण जाणे.

मित्रांनो, मला दुरुस्त करा असे मी म्हणत नाही. माझे आयुष्य झाले. पण तुमच्यापैकी जे उद्या लोकांच्या घरांत जातील, त्यांच्यापुढे माझी एकच विनवणी आहे. माणसाचे बोलणे त्याच्याच वेगाने ऐका. आणि 'पुढील भेटीची आवश्यकता वाटत नाही' हे वाक्य लिहिण्याआधी त्या घरी आणखी एकदा जा.