नऊ नंबरचं चौथं चित्र

हॉस्पिटलात त्याला सगळे मास्तर म्हणायचे. शिकवत तो कोणालाच नव्हता. हृदयाचा एको काढायचं काम करत सव्वीस वर्षं झाली होती, म्हणून मास्तर. छातीला जेल लावायची, प्रोब टेकवायचा, पडद्यावर हलतं हृदय नीट दिसलं की ते साठवायचं. पुढचं निदान डॉक्टरीणबाईंचं. पण त्यांचा त्याच्या हातावर एवढा भरवसा होता, की त्याने कागदावर 'ठीक' लिहिलं तर त्या दुसऱ्यांदा विचारत नसत.

करोनाचा वॉर्ड उघडला आणि कामाची रीत बदलली. आधी एका माणसाला अर्धा तास मिळायचा. आता किट चढवून आत जायचं, चार चित्रं घ्यायची आणि पाच मिनिटांत खाटेपासून लांब व्हायचं. मोजमाप काय ते बाहेर येऊन. कोणाचा एको करायचा ते रक्तावरून ठरे. मोठ्या सिस्टर सकाळी रिपोर्ट घेऊन बसत. डी-डायमर फार वाढला असला तर रक्तात गुठळ्या होत असल्याचा संशय. ट्रोपोनिन वाढला असला तर हृदयाला इजा होत असल्याचा. अशा खाटांचे नंबर कागदावर लिहून सिस्टर तो कागद काचेला चिकटवत. संशय खरा की खोटा, ते मास्तरने बघून यायचं.

सुरुवातीला मशीनला कव्हरसुद्धा नव्हतं. ते त्याच्या बायकोने शिवून दिलं. ती घरी शिवणकाम करायची. न्हाणीघराच्या पडद्याचं जाड प्लास्टिक आणून तिने त्याला माप आणायला सांगितलं. त्याने आणलेला कागद बघून ती म्हणाली, "हे माप आहे का अंदाजपंचे? वायर कुठून निघते ते लिहिलंच नाही. अहो, अख्खं हृदय मोजता ना तुम्ही?"

तिने तीन कव्हरं शिवली. वायरीसाठी बाजूला चीर ठेवली आणि चिरेला पट्टी लावली.

मग ती आजारी पडली. आधी ताप, सहाव्या दिवशी दम. घरात बाहेर जाणारा तो एकटाच होता. दुखणं घरात कोणी आणलं, हे दोघांनीही एकमेकांना विचारलं नाही. तिला त्याच वॉर्डात नऊ नंबरची खाट मिळाली. दुसऱ्या गावी असलेल्या मुलीला त्याने फोन केला, तेव्हा ती आधी रडली आणि मग म्हणाली, "बाबा, तुम्ही तिथेच आहात एवढं तरी बरं."

चौथ्या दिवशी सकाळी काचेवरच्या कागदावर पाच नंबर होते. तिसरा नऊ होता.

"डी-डायमर कालच्या दुप्पट आलाय," मोठ्या सिस्टर म्हणाल्या. "ट्रोपोनिनचं रक्त गेलंय, रिपोर्ट संध्याकाळी. मास्तर, घरच्या माणसाचं आपण करत नाही, माहितेय ना?"

"मग कोण करणार?"

एको काढणारा दुसरा माणूस स्वतःच बारा नंबरवर पडून होता.

डॉक्टरीणबाईंनी त्याला दारातच थांबवलं. "मला एकच सांगा. हृदयाची उजवी बाजू फुगलीय का? फुप्फुसात गुठळी अडकली असली तर उजव्या बाजूवर ताण येतो. तसं दिसलं तर रक्त पातळ करायच्या औषधाचा पूर्ण डोस आजच सुरू करते. नाही दिसलं तर आहे तोच चालू ठेवते. उगाच वाढवला तर रक्तस्राव व्हायची भीती. चौथं चित्र मला स्वच्छ हवं, मास्तर."

चौथ्या चित्रात हृदयाचे चारही कप्पे एकदम दिसतात, डावी आणि उजवी बाजू शेजारी शेजारी. कोण फुगलंय ते सांगावं लागत नाही. पण त्यासाठी माणसाला डाव्या कुशीवर वळवून हात डोक्याशी घ्यायला लावतात आणि प्रोब पार खाली, बरगडीत दाबून धरतात. पालथं झोपून कसाबसा श्वास घेणाऱ्या माणसाला हे सोसत नाही. ऑक्सिजन उतरत जातो. वॉर्डाचा नियम होता, ऐंशीच्या खाली गेला की थांबायचं. तोवर मास्तर म्हणत राहायचा, "अजून दहा सेकंद, काका. झालंच, मावशी." लोक त्याची बाही घट्ट धरायचे. तो प्रोब हलू द्यायचा नाही.

किटमध्ये सगळे सारखेच दिसतात. तिने त्याला ओळखलं ते मशीनवरून.

"त्या पट्टीची शिवण उसवलीय," ती मास्कच्या आतून म्हणाली. "घरी आणा ते."

"आणतो. बोलू नको."

"तीस वर्षांत कधी बघितलं नाहीत माझं हृदय. आज मशीन घेऊन आलात."

खाटेच्या पलीकडे सिस्टर हसल्या. तोही हसला. चष्म्यावर वाफ धरली. दोघांनी मिळून तिला कुशीवर वळवलं. मॉनिटरवर एक्याण्णव होते.

पहिली दोन चित्रं झटकन आली. डावी बाजू चांगली चालत होती. तिसऱ्यात फुप्फुसातली हवा आड आली, धूसर आलं. ऑक्सिजन सत्त्याऐंशीवर उतरला. चौथ्यासाठी त्याने प्रोब खाली नेला आणि बरगड्यांमधली जागा शोधू लागला. तिने त्याची बाही धरली. पंच्याऐंशी. पडद्यावर काळं-पांढरं काहीतरी हललं आणि गेलं. अजून अर्धा इंच बाहेर सरकवलं की सापडणार, हे त्याच्या हाताला कळलं होतं. चौऱ्याऐंशी. तिचे डोळे मोठे झाले होते. ती काही मागत नव्हती, फक्त त्याच्याकडे बघत होती.

त्याने प्रोब उचलला.

"झालं?" तिने विचारलं.

"झालं."

"सगळं आलं ना नीट?"

"आलं. वळ आता."

सिस्टरांनी त्याच्याकडे एकदा बघितलं. मग त्या तिच्या छातीखाली उशी सरकवायला लागल्या.

खरं तर कागदावर 'चौथं चित्र मिळालं नाही' एवढंच लिहायचं होतं. तेवढ्याने डॉक्टरीणबाई स्वतः आत गेल्या असत्या, तिला परत कुशीवर वळवलं असतं. ते त्याला नको होतं. त्याने लिहिलं : डावी बाजू उत्तम. उजवी बाजू, दिसली तेवढी ठीक.

दिसली तेवढी. हे शब्द त्याने सव्वीस वर्षांत कधी लिहिले नव्हते. त्या दिवशी बाईंपुढे सतरा माणसांचे कागद होते. त्यांनी 'ठीक' वाचलं आणि सही केली.

संध्याकाळी ट्रोपोनिनचा आकडा आला. नेहमीच्या तिप्पट होता. बाईंनी एकोचा कागद पुन्हा काढून बघितला. उजवी बाजू ठीक आहे म्हणजे दुखण्याची सूज हृदयाला लागली असणार, असं धरून त्यांनी औषधाचा डोस होता तोच ठेवला. उद्या रक्त परत बघू म्हणाल्या. मास्तर तिथेच उभा होता. तोंड उघडायला तेवढा वेळ पुरेसा होता. तो म्हणाला, "बरं."

दुसऱ्या दिवशी सकाळी अकराला ती खाटेवर उठून बसायला गेली आणि कोसळली. मास्तरला काचेबाहेर थांबवलं. बाईंनी प्रोब स्वतः हातात घेतला. आता ऑक्सिजन बघायचं कारणच उरलं नव्हतं. पडदा काचेकडे होता. चौथं चित्र त्याला बाहेरून दिसलं. उजवा कप्पा डाव्याच्या दुप्पट झाला होता आणि डाव्याला चेपत होता. एवढं स्वच्छ चित्र की शिकायला येणाऱ्या मुलांना दाखवावं. गुठळी विरघळवायचं औषध दिलं. एक वाजून दहा मिनिटांनी ती गेली.

तेरा दिवस तो घरीच होता. शिवणयंत्राशेजारी तिसरं कव्हर पडलं होतं, अजून न वापरलेलं. मुलगी येऊ शकली नाही, रस्ते बंद होते. ती रोज फोन करायची आणि रोज एकच वाक्य म्हणायची : "तुमच्या हातून तपासणी झाली बाबा, त्यामुळे काही राहिलं असं मनात येत नाही."

दहाव्या दिवशी त्याने तिला सांगितलं. सगळं सांगितलं, चौऱ्याऐंशी आणि ऐंशीसुद्धा.

मग मुलगी म्हणाली, "आईला कळलं होतं?"

"नाही. मी तिला झालं म्हणून सांगितलं."

"मी नंतर फोन करते," ती म्हणाली. त्या दिवशी केला नाही. दुसऱ्या दिवशीही नाही.

चौदाव्या दिवशी तो कामावर गेला आणि आधी डॉक्टरीणबाईंना भेटला. त्या म्हणाल्या, "मी वाचलं होतं, दिसली तेवढी. विचारायला हवं होतं. सही माझी आहे."

"हात माझा होता," तो म्हणाला.

"पूर्ण डोसनेही वाचल्या असत्या असं कोणी छातीठोकपणे सांगू शकत नाही, मास्तर."

"नसत्या वाचल्या असंही नाही ना सांगू शकत?"

बाईंनी मान हलवली. नाही.

काचेवरच्या कागदावर सहा नंबर होते. त्यात नऊ होता. त्या खाटेवर आता एक बसड्रायव्हर होता, पन्नाशीचा, पोट सुटलेला. वळवताना म्हणाला, "हळू हो, रिव्हर्स घ्यायची सवय नाही मला." सिस्टर हसल्या. मास्तरला हसू आलं नाही.

पहिली तीन चित्रं आली. त्याने प्रोब खाली नेला. पंच्याऐंशी. ड्रायव्हरने त्याची बाही धरली. चौऱ्याऐंशी. जागा सापडत नव्हती. त्र्याऐंशी. त्याने प्रोब अर्धा इंच बाहेर सरकवला. ब्याऐंशी.

"झालं का हो?" ड्रायव्हर कसाबसा म्हणाला.

"नाही," मास्तर म्हणाला. "अजून नाही."

एक्याऐंशीला चारही कप्पे पडद्यावर आले. उजवा फुगलेला होता. त्याने ते साठवलं, मग प्रोब उचलला आणि दाराकडे बघून बाईंना मोठ्याने हाक मारली.

ड्रायव्हर पालथा पडून धापा टाकत होता आणि त्याला शिव्या देत होता. मास्तरने त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि मॉनिटरवर नव्वद दिसेपर्यंत तो तिथून हलला नाही. पाच मिनिटं केव्हाच होऊन गेली होती.