आत्याबाईंची वीस मिनिटांची ड्यूटी

माझ्या सासूबाई, म्हणजे आत्याबाई, अख्ख्या वडूजला सांगून बसल्या होत्या की आमचा जयराज नौदलाचं जहाज चालवतो. हे सुट्टीवर आले आणि दुसऱ्याच दिवशी शेजारच्या हरणाकाकू चहाला टेकल्या. त्यांचा वीरधवल फौजेत. त्याच्या पोस्टवरचा गुडघाभर बर्फ आम्ही आठवड्यातून दोनदा ऐकतो. त्यांनी ह्यांना विचारलं, जहाजावर नक्की करतोस काय?

ह्यांना खोटं बोलणं जमत नाही. म्हणाले, खाली एका खोलीत पडद्यांसमोर चार तास बसतो. इंजिनाचं तापमान, तेलाचा दाब, पाण्याची पातळी बघतो. मर्यादा ओलांडली तरच बटण दाबायचं, नाहीतर हात लावायचा नाही.

"म्हंजी नुसतं बगत बसायचं," हरणाकाकू म्हणाल्या. "टीव्हीगत."

आत्याबाईंचा चेहरा असा उतरला, की मला बघवेना. बशीतला चहा तसाच निवला.

मग आपली ड्यूटी कशी असते ते दाखवायला ह्यांनी सोप्यात खुर्ची मांडली आणि आईला बसवलं. तिथून तीन गोष्टी दिसतात: गॅसवरचं दूध, टाकी भरली की वाहणारा पाइप, आणि आमची दहा महिन्यांची रांगती प्रियदर्शनी. वीस मिनिटं उठायचं नाही. दूध काठाला आलं, पाइपातून पाणी आलं किंवा पोर उंबऱ्याला पोचली, तरच हुकूम द्यायचा. बटण म्हणजे मी.

पाचव्या मिनिटाला पोरीनं माझी चप्पल तोंडात घातली. हरणाकाकू ताडकन उठल्या. मीही धावले, तर आत्याबाईंनी मलाच दटावलं, की बटण आपलं आपण दाबलं जात नसतंय. त्यांनी दोन्ही हात मांड्यांखाली दाबून ठेवले होते. "चप्पल, उजवी," त्यांनी लेकाला कळवलं. "उंबरा अजून लांब हाय." चप्पल मी काढलीच, पण गुपचूप.

दूध वर आलं, मी गॅस बंद केला. पाइप वाहिला, मी मोटार बंद केली. आत्याबाईंच्या ओठावर घाम आला होता.

हे म्हणाले, ऊठ आई, आता मी बसतो. पण जहाजावर जागा घेणाऱ्यानं आधी सगळं स्वतः बघून सांगायचं असतं, मगच बसलेल्यानं उठायचं. हा नियम ह्यांनीच खुर्ची मांडताना सांगितलेला, म्हणून आत्याबाई उठल्या नाहीत. दूध उतरलं, टाकी भरली, ह्यांनी सांगितलं.

"आन पोर?" आत्याबाईंनी विचारलं.

ह्यांनी सोपा बघितला, अंगण बघितलं. पोर त्यांच्या पाठीमागं, मी चाळून ठेवलेल्या ज्वारीच्या पिठात बसून दोन्ही हातांनी पोटाला पीठ लावत होती.

"घरातली पोर गावंना ह्येला," हरणाकाकू हसल्या. "जहाज कसलं सांभाळतोय?"

"हरणाबाई, बगणं लय अवघड असतंय," आत्याबाई शांतपणे म्हणाल्या. "शिकलेला, पगारी माणूसबी चुकतंय. तुमी तर चपलेलाच उठलासा."

आत्याबाईंनी मला नवा चहा टाकायला सांगितला आणि खुर्ची काही सोडली नाही. हे उभेच राहिले, खांद्यावर पांढरीधोप लेक घेऊन.