हंड्याचा पोचा आणि बुडालेली बोट

मित्रांनो, मी एक जुना तांब्याचा हंडा आहे. माझ्या पोटावर एक पोचा आहे. त्यापायी लोकांनी मला थेट समुद्रात नेऊन बुडवले होते, आणि मी तर समुद्र कधी पाहिलाही नाही!

माझा जन्म पुण्याच्या तांबट आळीतला. हजारो ठोके खाऊन मी गोल झालो आणि आगगाडीने खंडाळ्याला एका शेटच्या बंगल्यावर आलो. तिथे स्वयंपाक करणाऱ्या रतनबाई मला चिंचेने इतके लख्ख घासत, की येणारा-जाणारा माझ्यात पाहून मिशीला पीळ देई. गावात लग्न निघाले की मला मागून नेत. मला तो मान भारी आवडे.

एकोणीसशे बारा साली शेट विलायतेला निघाले होते, पण त्यांचे गुडघे धरले. महिनाभर माझ्यातच पाणी तापवून ते शेकले. त्याच चैत्रात विलायतेहून अमेरिकेला निघालेली ती प्रसिद्ध मोठी बोट बर्फावर आपटून बुडाली. शेट कुठल्या बोटीने जाणार होते, हे कोणी विचारले नाही. पुढे मुंबईला परतताना त्यांनी मला रतनबाईंना बक्षीस दिले. झाले! टांगेवाला गेणू पारावर सांगू लागला, "शेटला समदं आधीच ठावं व्हतं! बड्या लोकांनीच बोट बुडवली, आपल्या वैऱ्यांसकट. आन् ह्यो हंडा तिच्यावरचाच. बर्फाचा पोचा बगा की!"

मी आतल्या आत घुमलो, 'अरे, तुमच्याच लग्नांत तर मी राबलो!' पण हंड्याचे ऐकतो कोण?

आषाढात रतनबाईंनी भातलावणीची इर्जिक घातली. इर्जिक म्हणजे गावाने मिळून एकाचे शेत उरकायचे आणि त्याने सर्वांना जेवू घालायचे. माझ्यात आमटी रटरटत होती. पण माणसे बांधावरच थांबली. "बुडालेल्यांच्या हंड्यातलं आमी खाणार न्हाई," गेणू म्हणाला.

"आरं, रोपं उपटून ठेवल्याती," रतनबाई म्हणाल्या. "आज न्हाई लागली तर वरसाचा भात गेला माजा!"

तेव्हा गावचे वडीलधारे महिपतीआबा पुढे आले. त्यांची मान खाली होती.

"बर्फ न्हाई न् काय न्हाई. पोचा माजा हाय. गेल्या साली थोरल्याच्या लग्नाला हंडा नेला, तवा माज्या हातनं गाडीतनं पडला. लाज वाटली, गप बसलो."

"आबा! आन् मी त्या पोच्यापायी वरीसभर मांजराला शिव्या घातल्या!" रतनबाई म्हणाल्या.

सारा बांध खदखदून हसला. चिखलात पहिला उतरला गेणूच. दिवस मावळायच्या आत शेत हिरवे झाले, आणि आबांनी माझ्यातली आमटी तीनदा मागून घेतली. त्या दिवसाइतका आनंद मला पुन्हा क्वचितच झाला.

पुढे एक तांबट माझा पोचा काढायला बसला, तर आबांनी त्याचा हात धरला. "ऱ्हाऊ दे. गावाला याद ऱ्हाईल."

मित्रांनो, तुमच्याही घरी एखादा हंडा असेल. त्याला घासा, वेळेवर कल्हई करा. आणि त्याच्याविषयी काही नवल ऐकलेत, तर आधी घरातल्या माणसांना विचारा. आज आबा नाहीत. पण इर्जिकीला त्यांची नातवंडे येतात, माझ्या पोच्यावर हात ठेवतात आणि ऐटीत सांगतात, "ह्यो आमच्या आबांचा!"