बदलीचा नमुना

मी तपासणीची बाटली बोलतेय. नाक मुरडू नका, माझ्यात काय भरतात ते मला ठाऊक आहे. जाड काचेची, रुंद तोंडाची मी, सुरतेतल्या एका दवाखान्याच्या लॅबमधली. तपासणी झाली की मला उकळत्या पाण्यात धुतात आणि पुन्हा फळीवर ठेवतात. दुखणी लपवणारे पुष्कळ पाहिले, पण उखानं मला जो दगा दिला, तो अजून खुपतो.

उखा सुरतेच्याच नवागाम वस्तीत राहायचा, यंत्रमागावर काम करणारा खानदेशी गडी. त्याचा थोरला भाऊ काशिनाथ आतड्याच्या कॅन्सरनं गेला. रक्त पडायचं, तर मूळव्याध समजून त्यानं अंगावर काढलं होतं. डॉक्टरांनी उखाच्या बायकोला, सरलाबाईला, समजावलं, "सख्ख्या भावाला झाला, म्हणजे उखाला धोका जास्त. शौचातलं डोळ्यांना न दिसणारं रक्तही या तपासणीत कळतं. काही दुखत नाही तोवरच तपासायचं." तिनं मला पदराआड धरून घरी नेलं.

उखाला लाज होती आणि त्याहून मोठी भीती. चाळीच्या संडासापुढं ही रांग, त्यात हातात मी! आणि खरंच काही निघालं तर? त्यानं मला कारखान्यात नेलं. त्याच मागावर दुसरी पाळी करणारा सुकदेव त्याचा जोडीदार. एकाला ताप आला की दुसरा बदलीवर उभा राहायचा. माग चालू दिसला की शेठ खूश.

"सुकदेव, मनी एवढी पाळी तू कर रे," म्हणत उखानं मला पुढं केलं.

"दे भो. त्याम्हा काय शे?"

माझ्यावर नाव उखाचं, आत नमुना सुकदेवचा. ओरडावंसं वाटलं, पण काचेला कुठली वाचा! रिपोर्ट चांगला आला. सरलाबाईनं देवीपुढं नारळ फोडला, चाळभर खोबरं वाटलं.

पुढं सुरतेत प्लेग आला, ते सालही सरलं. उखा वाळत चालला, रक्तही दिसू लागलं. शेवटी दुर्बिणीनं तपासलं. माझ्या फळीपुढंच डॉक्टर म्हणाले, "गाठ पसरलीय. लहान असताना सापडली असती, तर काढून टाकता आली असती. पण तेव्हाच्या रिपोर्टात रक्त नव्हतं ना?"

उखानं मान खाली घातली. "त्या बाटलीम्हा सुकदेवनं व्हतं."

सरलाबाई रडली नाही. "तुमी माले फसाडं. रक्त पडे, तरी मी म्हनू, काई नही, रिपोर्ट चांगला शे!"

धीर देणारीच्या हातूनच उशीर झाला. आणि तो उशीर करवणारं खोटं मी वाहून आणलं होतं.

डॉक्टरांनी आता धाकट्या भावाला, धुडकूला, तपासायला सांगितलं. त्यानं माझ्यासाठी हात पुढं केला. सरलाबाईनं मला दिलंच नाही.

"तुमी पुढे चाला, धुडकूभाऊ. मी संडासना दारशी उभी राहसू."

वाचकांनो, मला लाजा, नाक दाबा, पण माझ्यात स्वतःचंच भरा. मी तिच्या मुठीत नवागामला निघालेय. तिनं मला असं आवळून धरलंय, जणू दगा मीच दिला.