एका दिवसाची शाळा

"एक दिवस, मामा. आजचाच." रिबेकानं लेकीच्या वेणीची रिबीन आवळली आणि सासऱ्याकडं न बघताच पुढं बोलली. "तिथं रमली तर उद्यापासून मी स्वतः सोडायला येते. न्हाई रमली, तर ह्या घरात शाळंचं नाव पुन्हा काढायचं न्हाई. कबूल?"

"कबूल," शांतवन म्हणाला. इतक्या घाईनं म्हणाला, की सुनेनं शेवटी मान वर करून त्याच्याकडं पाहिलंच.

सलोमीला कुणी काही विचारलं नव्हतं. पोराच्या भल्यावरून मोठी माणसं हातघाईवर आली, की पोराला विचारायचं नेमकं राहून जातं. ती पलंगाच्या कडेवर बसून नव्या चपलांकडं टक लावून पाहत होती. दुसरीत जायच्या ऐवजी ती घरात बसली, त्याला दोन वर्षं होत आली होती.

शांतवनला हे घरात बसणं पटलेलं नव्हतं, आणि पटवून घ्यायला तो तयारही नव्हता. कडा गावाबाहेरच्या एका लहानशा शाळेत त्यानं शिपाई म्हणून हयात घालवली. माठ भरले, वर्ग झाडले, पहिलीतल्या पोरांची नाकं पुसली. शाळेचा विषय निघाला की तो असा ताठ व्हायचा, जणू ती त्यानंच बांधली होती. त्याला कारणही तसंच होतं. त्याचा बाप सटवा. गावच्या शाळेनं त्याला आत घेतलं नाही, मिशनच्या शाळेनं घेतलं. तो आधी अक्षरं शिकला, मग येशूला मानू लागला, आणि सटवाचा स्तेफन झाला.

"आपण शाळंपायी ख्रिस्ती झालो बे," शांतवननं कालच योहानला सुनावलं होतं. "आन तू ख्रिस्ताच्या नावानं पोरीची शाळा बंद करतूस?"

योहान, त्याचा मुलगा, दूध डेअरीच्या टेम्पोवर ड्रायव्हर होता. बोलण्यात कंजूष माणूस. "पप्पा, ती शाळा आन ही शाळा एक न्हाई," एवढंच बोलून तो हात धुवायला उठला, आणि आज उजाडायच्या आत गाडी घेऊन निघूनही गेला. तो घरी असता तर हा एक दिवसही मिळाला नसता.

घरी शिकवायचं खूळ योहानच्या डोक्यात नगरच्या उपासनेला येणाऱ्या एका जोडप्यानं घातलं, असं शांतवन भेटेल त्याला सांगायचा. पुस्तकं त्यांनीच दिली, हे खरं. लेकरं ही परमेश्वराची ठेव, ती परक्याच्या हवाली कशाला करायची, असं ते सांगत, हेही खरं. पण त्याआधी काय घडलं ते मात्र शांतवन सांगायचं टाळायचा. सलोमी पहिलीत असताना गावात आवई उठली, की ह्यांच्या घरी प्रार्थनेला बोलावून माणसं बाटवतात. प्रार्थनेला घरचीच चार टाळकी आणि पाचवी झोप, बाटवणार कुणाला? पण पोरांना घरून ताकीद मिळाली, तिच्या डब्यातलं खायचं नाही. एका दुपारी कुणीतरी तिचा डबा गटारीत उपडा केला. तेव्हाच्या बाईंनी त्यावर तोडगा काढला, की हिनं घरूनच जेवून यावं. सलोमी बोलायचीच थांबली. ऐकू येईना झालं की काय म्हणून रिबेकानं तिला कानाच्या डॉक्टरकडं नेलं होतं.

घरी बसल्यावर ती बोलू लागली, हे शांतवनलाही नाकारता येत नव्हतं. रिबेका बी.ए. झालेली, शिकवायला चांगली. पोर धडाधड वाचायची, पाढे म्हणायची, गीतं गायची. फक्त तिच्याबरोबर गायला दुसरं लेकरू नव्हतं. दुपारी ती कोंबडीच्या पिल्लांना नावं देऊन त्यांची हजेरी घ्यायची आणि "हजर" हे त्यांच्या वतीनं आपणच म्हणायची. शांतवन ते रोज ओट्यावरून ऐकायचा.

म्हणून तो आदिनाथ गुरुजींना जाऊन भेटला. गुरुजी गावच्या शाळेत नवे होते. "आणा काका, मी बघतो," ते म्हणाले. "आता ती पोरंबी चौथी होऊन गेली आन ती आवईबी कुणाला आठवत न्हाई."

वाटेत सलोमीनं आजोबाचं बोट घट्ट धरलं होतं.

"आजोबा, तिथली पोरं कशी हायत?"

"पोरांसारखी पोरं. लई ग्वाड."

"त्यांला प्रभू ठावा हाय का?"

"प्रभूला ती ठावी हायत की," शांतवन म्हणाला, आणि आपल्याच उत्तरावर खूष झाला.

गुरुजींनी शब्द पाळला. ही सलोमी, आजपासून आपल्यात बसणार, असं त्यांनी वर्गाला सांगितलं आणि पोरांनी टाळ्या वाजवल्या. कुणी नाक मुरडलं नाही, कुणी कुजबुजलं नाही. बसायच्या मागच्या पट्टीवर पायल नावाची पोर एकटीच होती. तिचे आईबाप ऊस तोडायला गेलेले, ती आजीपाशी राहिलेली. शेजारच्या मैत्रिणीही आईबापांबरोबर कोपीवर, उसाच्या फडाजवळच्या झोपडीवर, गेल्या होत्या. तिनं लगबगीनं दप्तर मांडीवर घेतलं आणि हातानं पट्टी झटकली.

"ये इथं. माझ्यापशी कुणीच न्हाई."

दारात उभ्या शांतवनचे डोळे भरून आले. प्रभू, तू ऐकलंस, असं तो मनात म्हणूनही गेला.

सलोमी बसली. पण बसताना तिनं फ्रॉकचा घेर दोन्ही हातांनी गोळा केला आणि मांडीखाली दाबून धरला, त्याची कड पायलला लागू नये म्हणून. पायल जवळ सरकली, तशी ही लांब सरकली. पायलनं खिशातून बोरं काढून पुढं केली.

"खा की."

"तुमचं खायचं न्हाई."

"कावून गं?"

"तुमी मूर्तीला मानता. तुमच्यात मिसळलं की अशुद्ध होतं." तिचा आवाज उद्धट नव्हता. पाठ केलेला धडा म्हणावा तसं ती सांगत होती.

रिबेकानं नेमकं असंच सांगितलं असेल, असं नाही. पोळलेल्या आईनं भीतीपोटी काहीबाही सांगितलं असेल, आणि एकट्या पोरीनं त्याचं हे केलं असेल. शांतवननं दाराची चौकट धरली. अंगावरचं कापड असं आवरून घेणारी माणसं त्यानं उभ्या जन्मात काय कमी पाहिली होती? पाण्याच्या नळावर पाहिली, लग्नाच्या पंगतीत पाहिली, एसटीच्या बाकावर पाहिली. त्यांच्यात आपल्या घरचं कुणी असेल, असं त्याच्या स्वप्नातही आलं नव्हतं.

"होईल सवय, काका," गुरुजी हलक्या आवाजात म्हणाले. "लेकरू हाय."

पण सलोमी उठली होती. दप्तर पाठीला लावून ती दाराशी आली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, निव्वळ भीती होती.

"चला आजोबा, घरी."

"जरा दम धर, बाई. घडीभर बस," तो काकुळतीला आला.

"मला न्हाई बसायचं हितं. मम्मीकडं चला."

घरात शाळेचं नाव आता पुन्हा निघणार नव्हतं. आणि काढायचं म्हटलं तरी कोणत्या तोंडानं काढायचं, हे शांतवनला कळत नव्हतं.

मागं पायल अजून बोरं मुठीत धरून बसली होती. आपलं काय चुकलं ते तिला उमगलं नव्हतं. तिनं आपली बाही नाकाशी नेऊन हुंगली. मग दुसरी हुंगली. आणि मान खाली घालून ती हळूच पट्टीच्या टोकाला सरकली.

शांतवननं चपला काढल्या आणि तो वर्गात आला. गुडघ्यावर हात रोवत तो पायलशेजारी खाली बसला.

"मला दे बाई एखादं," तो म्हणाला.

पायलनं घाबरत मूठ उघडली.

"आजोबा, नका खाऊ!" सलोमी दारातून ओरडली आणि रडायला लागली. "नका ना खाऊ!"

शांतवननं बोर तोंडात टाकलं आणि कुणाकडंही न बघता तो ते चावत राहिला.